फ्रिजमधलं माझं डोकं

अहो, फ्रिज रिकामा झाला बरं का. मधली जाळी काल परत बसवली, तिच्यावर कोथिंबीर, अर्धा कोबी आणि दह्याचं भांडं ठेवलं, आणि मग उगाच दार उघडं टाकून उभी राहिले. तुम्ही असतात तर ओट्यावरून ओरडला असतात, "दार लाव गं, मेण घाम धरेल!" कुणी ओरडलं नाही. मग माझं मीच लावलं.

थंडी सरता सरता तुम्ही गेलात. तेव्हापासून त्या जागेवर माझं डोकं होतं. मेणाचं, तुमच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं. लोकांच्या घरी, माणूस गेला की त्याचा फोटो असतो, त्याला हार असतो. तो आपल्याकडेही आहे, मेघाने लावलाय. पण भेटायला येणाऱ्या बायकांना मला दारातच सांगावं लागायचं, पाणी मी आणून देते, तुम्ही फ्रिजला हात लावू नका. त्यांना वाटायचं, धक्क्याने ही जरा चळली.

घराला ही सवय तुम्हीच लावलीत. ऊन तापायला लागलं की भाज्या बाहेर आणि डोकी आत. पिंपळगावच्या ताई, तुमची सख्खी बहीण, एकदा द्राक्षांची पेटी घेऊन आल्या. हौसेने फ्रिजमध्ये ठेवायला गेल्या, तर आत दुधी भोपळ्याशेजारी त्यांचंच तोंड. "अगं बाई गं! मला मारून ठेवलं की काय यानं!" पेटी खाली, द्राक्षं घरभर. आणि तुम्ही काय केलंत? "ताई, हलू नकोस, डोळे असेच मोठे ठेव जरा," म्हणत मेणाची कांडी घेऊन धावलात. मी द्राक्षं गोळा करत होते आणि मनात म्हणत होते, या माणसाला आवरणारा अजून जन्माला यायचाय.

तुम्ही कंपनीत फिटर. सातपूरला. शाळेतला चित्रकलेचा तास सोडला तर तुम्हाला कुणी काही शिकवलं नाही, आणि त्या तासालाही तुम्ही बाकाखाली विटी कोरत बसायचात, असं सासूबाई सांगायच्या. कंपनीला टाळं लागलं तेव्हा मेघा रांगत होती. मी बालवाडीत शिकवायला जायचे, तुम्ही घरी पोरगी सांभाळायचात. वीज जायची म्हणून मी मेणबत्त्या एका डब्यात जपून ठेवत असे. एक दिवस डबा उघडते तर रिकामा, आणि खिडकीत एक बैल उभा. वशिंड, गळ्याखालची पोळी, खुर, सगळं जिथल्या तिथे. शिंगं वातीची.

"आज अंधार पडला की याच्या शिंगांना काडी लावू का?" मी विचारलं.

तुम्ही बैल उचलून पोटाशी धरलात, लहान मुलासारखा. मी चिडले होते, पण त्या दिवशी शेजारून मेणबत्ती उसनी आणली. बैलाला हात लावला नाही. तेवढं तरी माझ्या बाजूने धरा.

मग तुम्हाला तो बैल धातूचा हवा झाला. तांबट आळीत एक म्हातारे ओतारी होते, देवांचे टाक ओतायचे, त्यांच्याकडे तुम्ही चकरा मारायला लागलात. त्यांनी तोंडाने काही शिकवलं नाही, नुसतं बसू दिलं. मेणाची वस्तू करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, भाजायचं. मेण वितळून वाहून जातं, आत पोकळी राहते, त्या पोकळीत धातू ओतायचा. एका मेणातून एकच मूर्ती. ओतताना बिघडली की मूर्तीही गेली आणि मेणही गेलं. हे तुम्ही मला जेवता जेवता असं सांगितलंत, की लॉटरी लागल्यावर माणूस सांगेल.

धातू कुठून आणायचा, तर माझ्या आईने येवल्याहून दिलेलं घंगाळ!

मी बालवाडीतून आले तर आपल्या ओळीतली सगळी घरं रस्त्यावर. मागच्या अंगणातून पांढरा धूर, आणि त्या धुरात तुम्ही, नाकाला माझा टॉवेल बांधून. पितळ फार तापलं की त्यातलं जस्त असं धूर होऊन निघतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं. साचा आतून ओला राहिला की ओतलेला धातू उसळून बाहेर येतो, हेही माहीत नव्हतं. दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच दुपारी शिकलात. घंगाळाचा एक गोळा उडून धुण्याच्या दगडावर पडला आणि तिथेच बसला. अजून आहे. कपडे घासताना मनगटाला लागतो. मी त्या दिवशी जे काही बोलले ते आख्ख्या कॉलनीने ऐकलं, आणि पुढे कितीतरी दिवस पोरं तुम्हाला घंगाळकाका म्हणायची.

जेवताना मी ताट आपटून वाढलं. तुम्ही मुकाट्याने जेवलात. भुवया जळलेल्या, कपाळावर काजळी. आणि हात धुताना हळूच म्हणालात, "अगं, मेणबत्त्या आहेत का अजून?"

दिल्या मी. का दिल्या ते आजही धड सांगता येत नाही. बहुतेक तुमच्या डोळ्यांमुळे. लग्न झाल्यापासून तुम्हाला इतकं जिवंत मी बघितलंच नव्हतं. तुम्ही कामावरून यायचात, जेवायचात, झोपायचात, वाईट काही नव्हतं त्यात. पण त्या धुरातून जो बाहेर आला तो कोणी वेगळाच माणूस होता, आणि तो मला आवडला. हे तुम्हाला कधी म्हटलं नाही. तुम्ही लगेच हंडाही वितळवला असतात.

पुढे रफिकभाई भेटले म्हणून निभावलं. माणूस मूळचा मालेगावचा, अंबडला छोटीशी फाउंड्री, पंपाचे बुश आणि वॉल्व ओतायचे. तुम्ही बैल नंबर दोन पिशवीत घालून त्यांच्या दारात उभे राहिलात. ते म्हणाले, "ये क्या है उस्ताद, खेळणं?" पण ओतून दिला. तेव्हापासून फाउंड्रीच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही दोघं तिथे, आणि घरी येताना तुमच्या शर्टाला नव्या भोकांची रांग. तो पहिला धातूचा बैल मेघाच्या उशाशी असायचा. पुण्याला जाताना तिने कपड्यांच्या आधी तो बॅगेत टाकला.

एक गोष्ट तुम्ही कधी बदलली नाहीत. मेणावर तुमच्या बोटांचे ठसे राहायचे, ते तसेच धातूत उतरायचे, आणि तुम्ही ते घासून काढायचा नाहीत. मी म्हणायचे, लोकांना चकाचक लागतं, करून द्या ना. "मी हात लावलाय, तर हात दिसणारच की," एवढंच तुमचं उत्तर. दुसरं भांडण रबराचं. बाकीचे मूर्तिकार आधी रबराचा साचा काढून ठेवतात, म्हणजे ओतताना बिघडलं तरी पुन्हा मेण करता येतं. तुम्ही म्हणायचात, "दुसरा आहे म्हटलं की पहिल्याकडे कुणी धड बघत नाही." यावर मी जितकं डोकं फोडलं तितकं बालवाडीतल्या पोरांवरही नाही फोडलं.

निफाडकडच्या त्या आबांचा पुतळा आठवतो ना? सरपंचांना वडिलांचा पुतळा हवा होता, ग्रामपंचायतीसमोर बसवायला. फोटोवरून तुम्ही केलात, टेम्पोत घालून आपण दोघं घेऊन गेलो. कापड काढलं आणि कमिटीतल्या एकाने लगेच बोट दाखवलं.

"मिस्तरी, गालावर तुमची बोटं उमटलीत. जरा गुळगुळीत करून आणा. आमच्या आबांना असं खडबडीत कसं बसवायचं?"

"करत नाही मी तसं," तुम्ही म्हणालात, आणि हाताची घडी घातलीत. मी पदराआडून तुम्हाला चिमटा काढला. तुम्ही हलला नाहीत. सरपंचांचं तोंड उतरलं, टेम्पोवाला घड्याळ बघायला लागला. तेवढ्यात आबांच्या बायकोला कुणीतरी धरून आणलं. डोळ्यांनी कमी दिसायचं त्यांना. त्या पुतळ्याजवळ गेल्या आणि दोन्ही हातांनी गाल चाचपले. बराच वेळ.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "यांच्या तोंडावर देवीचे वण व्हते. त्या फोटूवाल्यानं पुसून टाकले व्हते. हे तेच हायेत. हात नका लावू कुणी."

पुतळा तसाच बसवला. परत येताना टेम्पोत मी तुम्हाला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं हे?"

"छे गं! मला काय स्वप्न पडलं होतं? फोटोत तर गाल सफरचंदासारखे होते."

चांदोरी येईपर्यंत आपण हसत होतो. टेम्पोवाल्याला वाटलं, बिल जास्त लावलं असणार.

तर असं. दूधवाल्याचं तोंड केलंत, ताईंचं केलंत, एसटीतल्या त्या कपाळावर आठ्या घातलेल्या कंडक्टरचं केलंत, समोरच्या गोठ्यातल्या म्हशीचंसुद्धा केलंत. माझं नाही. विचारलं की म्हणायचात, "तुझं पाठ आहे गं. पाठ झालेलं हाताला येत नाही." मी म्हणायचे, बरी पळवाट आहे. रागावल्यासारखी म्हणायचे, पण आतून खरंच लागायचं. म्हशीनंतर तर फारच.

आणि यंदा दिवाळीचा फराळ संपला त्या दुपारी तुम्ही मागच्या ओट्यावर पाट मांडलात आणि म्हणालात, "कुसुम, बस." मला वाटलं, चप्पल शिवायची असेल. तुम्ही मेणाचा गोळा हातात घेतलेला.

ती थंडी माझी फार सुखात गेली. जेवणं झाली की ओटा, ऊन, तुमच्या हातात मेण, माझ्या पुढ्यात मेथीची जुडी. इतकी वर्षं संसार झाला, पण तुम्ही रोज दोन-दोन तास माझ्याकडे बघताय असं कधी झालं होतं? लाज वाटायची सुरुवातीला. या वयात. मग लाज गेली आणि तोंड सुटलं.

"बोलू नकोस."

"मी कुठे बोलतेय?"

"हे काय मग?"

"हे उत्तर दिलं."

कपाळ झालं, नाक झालं, गळ्याच्या सुरकुत्या तर तुम्ही इतक्या मन लावून केल्यात की मी हरकत घेतली. तोंड होईना. आज केलेलं उद्या खरवडून काढायचात. "तुझं तोंड हलतं," म्हणायचात. मी म्हटलं, "म्हशीचं हलत नव्हतं? दिवसभर रवंथ करत होती. तिचं बरं जमलं." तुम्ही हसलात आणि तुमचा हात हलला, आणि पुन्हा एक ओठ वाया गेला. त्याचाही दोष मलाच.

शेवटच्या दुपारी मी तुम्हाला मेघाच्या घरमालकाची गोष्ट सांगत होते, त्याने टेरेसवर कपडे वाळत घालायला कशी बंदी केली ती. तिसऱ्यांदा सांगत होते म्हणे. तुम्ही ऐकलंत, ऐकलंत, आणि मग मेणातल्या माझ्या तोंडावर अंगठा आडवा ठेवून दाबलात. लहान पोराच्या तोंडावर आपण हात ठेवतो ना, तसा. सगळे ओठ सपाट.

"आता गप्प!" म्हणालात. "जा, चहा टाक. उद्या नव्याने करतो."

मी चहा टाकला. तुम्ही डोकं बनियनमध्ये गुंडाळून ठेवलंत. दुसऱ्या दिवशी सकाळीही मी चहा टाकला, आणि तुम्ही उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, काही कळलंही नसेल. मला मात्र सगळं कळलं हो. सगळं.

तेरावं होऊन महिना झाल्यावर देवरे सर आले. कॉलेजात शिल्पकला शिकवतात, तुमच्यावर जीव होता त्यांचा. बनियन सोडून त्यांनी डोकं पाहिलं, आणि डोळे पुसले. "वहिनी, हे त्यांचं सगळ्यात चांगलं काम आहे," म्हणाले. "एवढं ओठांचं मी करून देतो. तुमचा एखादा फोटो द्या. तोंडाविना कसं ओतायचं?" माणूस मनापासून बोलत होता. मी रबराचं विचारलं, म्हटलं निदान आता तरी माझ्या मनासारखं करू, आता कोण अडवणार आहे? सरांनी नखाने मेण तपासलं. गार-गरम होऊन ते तडकलं होतं. रबर काढताना वरचा पापुद्राच निघून येईल, म्हणाले. बघा, गेल्यावरही जिंकलात.

मेघा फोनवर रडली. "आई, दे ना सरांना करू. मला तू हसताना हवी आहेस. तोंड नसलेली आई मी कुठे ठेवू?" तिचंही बरोबर होतं. मी तिच्या लग्नातला फोटो काढून ठेवला, तो जांभळ्या पैठणीतला, आणि सरांना सोमवारी या म्हणून सांगितलं.

रविवारी कॉलनीची डीपी जळाली. ऊन असं की पत्रा चुरचुरत होता. फ्रिज बंद. दुपारी बनियन सोडलं तर मेण बोटाला चिकट लागलं आणि हनुवटी जराशी खाली आलेली. जीव उडाला माझा. डोकं उचललं आणि न्हाणीघरात गेले, तिथली फरशी तेवढी गार असते. माठातलं पाणी परातीत ओतून त्यात पातेलं, पातेल्यात डोकं, आणि मी शेजारी बसून हातपंख्याने वारा घालतेय. शेजारच्या सुनेने खिडकीतून विचारलं, "काकू, बरं आहे ना?" म्हटलं, आहे, तू जा.

वारा घालता घालता मी माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणजे जिथे तोंड असायला हवं तिथे. फ्रिजमधून काढताना, ठेवताना मी तिकडे बघायचं टाळत असे, कारण तिथे काही नाही, असंच डोक्यात होतं. वीतभर अंतरावरून पहिल्यांदा नीट पाहिलं. तिथे तुमचा अंगठा होता. नुसता खड्डा नव्हे, अंगठा. त्याच्या रेषा, गोल गोल, शेतातल्या सऱ्यांसारख्या. आणि मधून तिरका तो वण. कंपनीत लेथवर कापलं होतं ना, टाके धड बसले नव्हते, तो वण. भाकरी मोडताना, वर्तमानपत्र उलटताना, मेघाच्या वेणीचा गुंता सोडवताना मी तो आयुष्यभर पाहिलाय. तुमचं सगळं आम्ही गोदावरीला दिलं. आणि अंगठा इथे होता, फ्रिजमध्ये, कोबीशेजारी.

पंखा गळून पडला हातातून. तुम्ही गेलात त्या दिवशी मी लोकांसमोर रडले होते. खरं रडले ते त्या न्हाणीघरात.

संध्याकाळी वीज आली. मी आधी डोकं गार केलं, मग सरांना फोन केला. "सर, येऊ नका. तोंड करायचं नाही."

"वहिनी, ते अपूर्ण राहील हो."

"राहू दे," मी म्हटलं. मला त्या निफाडकडच्या आबांच्या म्हातारीचे हात दिसत होते. तिच्याइतकं ठामपणे मला बोलता आलं की नाही कोण जाणे, पण सर समजले. मेघा नाही समजली. तिला मी फोटो काढून पाठवला, अंगठ्याचा, अगदी जवळून. तिने उलट लिहिलं, "बाबांचा वण." आणि पुन्हा विषय काढला नाही.

आता राहिलं ओतणं. मेण ठेवून चालणार नव्हतं, या उन्हाळ्यात एकदा निभावलं, पुढच्या खेपेला वण राहिला नसता. आणि ओतायचं म्हणजे मेण जाळायचं. धातू त्या बारीक रेषांत शिरला तर ठीक, नाही तर तुमचा अंगठा दुसऱ्यांदा गेला असता.

रफिकभाईंना सांगितलं तर त्यांचाच चेहरा पडला. "भाभी, एकच मेण है. चुकलं तर माझ्या हातून जाईल. उस्ताद असते तर दोन शिव्या तरी घातल्या असत्या. आता कोण घालेल?"

"मी आहे ना."

"हां," ते म्हणाले, "ते पण आहे."

मेण उन्हातून न्यायला नको म्हणून ते बादली घेऊन घरीच आले. पहिला लेप दुधासारखा पातळ असतो. तोच रेषांत शिरतो, तिथे एक बुडबुडा राहिला तर धातूचा फोड येतो. तुमच्याच ओट्यावर बसून त्यांनी लेप दिला. बाकी चेहऱ्याला मोठा ब्रश, आणि अंगठ्याच्या जागी बारीक कुंचला, मध्येच थांबून फुंकर घालत. मी तेवढा वेळ एक शब्द बोलले नाही. तुम्ही बघायला हवं होतंत.

मेण जाळलं त्या दिवशी मी गेले नाही. मला बघवलं नसतं. घरी मेथी निवडत बसले, आणि निवडलेली मेथी परत देठांतच मिसळली.

ओतायच्या दिवशी मात्र गेले. "साचा आतून वाळलाय ना?" मी इतक्यांदा विचारलं की रफिकभाईंचा कामगार हसायला लागला. म्हटलं, हस बाबा, माझं घंगाळ गेलंय. वितळलेल्या धातूची मूस उचलली, धातू आत जायला लागला. साच्याला दुसरीकडे एक भोक ठेवतात, तिथून धातू वर डोकावला की आत भरलं असं समजायचं. तो डोकावेना. रफिकभाई पुटपुटत होते, मी पदर मुठीत धरलेला. मग आला वर. केशरी. "आ गया!" रफिकभाई ओरडले, आणि ते तुमच्याकडे वळून ओरडले, तुम्ही उभे राहायचात त्या खांबाकडे. तिथे कुणी नव्हतं. आम्ही दोघांनीही मग तिकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी साचा फोडला. काळं, राखाडलेलं, डोक्यावर धातू ओतायच्या नळ्यांची शिंगं. माती पडत गेली आणि रफिकभाईंचा हात थांबला. "भाभी," ते म्हणाले, "डावा कान नाही आला." तिथे धातू पोचलाच नव्हता. नुसती एक कडा. घाबरेघुबरे होऊन सांगायला लागले, नवा करून जोडतो, वेल्डिंग दिसणार पण नाही. माझं कानाकडे लक्ष नव्हतं. "तोंडाला तारेचा ब्रश लावू नका," मी म्हटलं, आणि पर्समधून टूथब्रश काढला. नवा आणला होता. मीच घासलं. हळूहळू रेष आली, मग दुसरी, मग सगळ्या सऱ्या, आणि मधून तिरका तुमचा वण. केसाएवढाही हललेला नाही.

मग मी कानाकडे पाहिलं आणि मला हसू फुटलं. रफिकभाई बघतच राहिले. म्हटलं, "राहू द्या कान. तुमचे उस्ताद असते तर म्हणाले असते, बरोबर आलंय, या बाईने कधी माझं ऐकलंय?" ते हसले, आणि हसता हसता कोपऱ्यात जाऊन डोळे पुसून आले.

तर आता ते डोकं मागच्या ओट्यावर आहे, तुमच्या पाटावर. बघणारे विचारतात, तोंड कुठाय? मी सांगते, जवळून बघा. भांडण मात्र अर्धंच राहिलं आपलं. तुम्हाला नक्की कुठलं तोंड हवं होतं हो, बोलणारं की गप्प? विचारायचं राहून गेलं. तुम्हीही सांगितलं नसतंत, खरवडून पुन्हा केलं असतंत.

पण आभार मानायचे राहिलेत, ते आज मानते. त्या ओट्यावरच्या दुपारी दिल्यात म्हणून. गळ्याच्या सुरकुत्या सोडल्या नाहीत म्हणून. कुणी न शिकवता, भुवया जाळून घेत, जे तुम्हाला करायचं होतं ते केलंत, आणि मला ते जवळून बघायला मिळालं म्हणून. घंगाळाबद्दलसुद्धा. आई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं, थोड्या शिव्या देऊन.

रोज दुपारी जेवण झालं की मी मेथी घेऊन त्या धातूच्या कुसुमसमोर बसते. ऊन ओट्यावर आलेलं असतं. बसण्याआधी तुमच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवते, त्याने तो ठसा अर्धाच भरतो. उन्हाने धातू तापलेला असतो, तुमचा हात असायचा तेवढाच गरम. आज मेघाच्या घरमालकाचं पुढचं सांगितलं. टेरेसवरची बंदी उठली म्हणे. ती ऐकून घेते, आहे त्या एका कानाने. तिच्या तोंडावर तुमचा हात आहे, ती गप्पच राहणार. माझ्या तोंडावरचा तुम्ही काढून घेतलात, तेव्हा आता ऐका.